आत्रेयीची लांबी नक्की किती? एक नदी, दोन देश आणि न जुळणारे आकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आत्रेयी (बांगलादेशात आत्राई) या नदीवर भूगोलाचं टिपण लिहायचं आहे. जिथे पाहावं तिथे लांबी वेगळी. उगम कुणी भारतात सांगतो, कुणी बांगलादेशात. म्हणून विचारणाऱ्याने उंचीच्या उपग्रही डेटावरून संगणकाला नदी काढायला लावली, तर तिने वाटेतच पात्र सोडून भलतीकडे धाव घेतली. मग खरा आकडा कोणता, आणि स्वतः मोजायचा तर कसा? जाता जाता पाणलोट क्षेत्राचंही विचारलंय.

तुम्ही आकड्यांत चूक शोधताय. पण यातले बरेचसे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. ते एकाच नदीचे नसतात, एवढंच. कुणी उगमापासून शेवटापर्यंत मोजलं, कुणी फक्त आपल्या देशातला तुकडा मोजला, कुणी नाव जिथे बदलतं तिथून सुरुवात केली. त्यामुळे ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कुठून कुठवर’ हे ठरवावं लागतं, आणि सीमा ओलांडणाऱ्या नदीत ते ठरवायला दुप्पट वेळ जातो.

आधी वाट बघू. पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात, बैकुंठपूरच्या जंगलाच्या बाजूला एक प्रवाह निघतो. तिथे त्याचं नाव करतोया. भितरगडजवळ तो बांगलादेशातल्या पंचगड जिल्ह्यात शिरतो. पुढे दिनाजपूर जिल्ह्यात, खानसामा भागात, त्याच पाण्याला आत्राई म्हणायला लागतात. मग ही नदी पुन्हा भारतात येते, दक्षिण दिनाजपूर जिल्ह्यात: कुमारगंज, बालुरघाट. तिथून परत बांगलादेश: नौगाव जिल्ह्यातले पत्नीतला, महादेवपूर, मांदा. त्याच्याही खाली चलन बील (बील म्हणजे बंगालीत सखल, पाणी साठणारा प्रदेश), आणि शेवटी गुमानी, बडाल, हुरासागर अशी नावं बदलत पाणी जमुनेत, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या बांगलादेशातल्या प्रवाहात पडतं.

सीमा तीनदा ओलांडली. म्हणजे चार तुकडे झाले: भारत, बांगलादेश, भारत, बांगलादेश. बालुरघाटवर लिहिणारा माणूस साहजिकच तिसऱ्या तुकड्याबद्दल बोलतो आणि त्याच्या दृष्टीने नदी बांगलादेशातून ‘येते’. त्याचं उगमाबद्दलचं वाक्य तिथेच फसतं. नौगावचा माणूस म्हणतो, नदी भारतातून येते. दोघेही काठावर उभे राहून खरंच सांगत असतात.

नावाचा घोळ याहून मोठा आहे. करतोया हे नाव उत्तर बांगलादेशात एका सलग नदीचं राहिलेलं नाही. दिनाजपूर-करतोया, रंगपूर-करतोया, यमुनेश्वरी-करतोया आणि पाबना-करतोया असे चार वेगळे तुकडे या नावाने ओळखले जातात. यातली फक्त दिनाजपूर-करतोया आत्राईला पाणी देते. खानसामाच्या वर रंगपूर-करतोयेशी तिचा पूर्वी सांधा होता, आज त्या वाटेने नावापुरतंच पाणी जातं. तेव्हा नुसता ‘करतोया’ असा शोध घेऊन आलेली लांबी आत्रेयीच्या लांबीत मिळवू नका. बेरीज अवाढव्य येईल आणि कशाची आली ते कळणारही नाही.

हे तुकडे असे का पडले, तर १७८७ च्या पुरामुळे. त्याआधी तिस्ता आपलं हिमालयातलं पाणी मुख्यतः करतोया, आत्राई आणि पुनर्भवा या तीन नद्यांतून दक्षिणेला सोडत होती. त्रिस्रोता या तिच्या जुन्या नावाचा अर्थच तीन प्रवाहांची. त्या पुरात तिस्तेने कूस बदलली आणि आग्नेयेला वळून ब्रह्मपुत्रेला मिळाली. तिन्ही नद्यांचं डोकं कापलं गेलं. पात्र मोठ्या नदीचं, पाणी छोट्या नदीचं, अशी आत्रेयीची आजची अवस्था आहे: पाऊस आणि भूजल यांच्यावर ती चालते. म्हणून तिला डोंगरातला ठळक उगम शोधू नका. जेम्स रेनेल या ब्रिटिश सर्वेक्षकाने केलेले बंगालचे नकाशे १७८७ च्या आधीचे आहेत. त्यांत तिस्ता या नद्यांना जोडलेली दिसते. तो नकाशा पाहून आजचा उगम लिहिणं ही एक नेहमीची चूक.

उगम ठरवायच्या रीती तीन. सर्वांत लांबचं टोक धरायचं, सर्वांत जास्त पाणी आणणारी शाखा धरायची, किंवा स्थानिक नाव ज्या प्रवाहाला आहे तो धरायचा. डोंगरी नदीत पहिली रीत चांगली, कारण दरी दिसते आणि वाद होत नाही. मैदानी नदीत ती वापरली की शेताच्या बांधापर्यंत मागे जात बसावं लागतं, आणि दर पावसाळ्यात टोक हलतं. दुसरीला दोन्ही देशांतली प्रवाहमापनं लागतात. इथे मी तिसरी घेईन: बैकुंठपूरपासूनची करतोया हाच वरचा भाग. मात्र टिपणात तसं स्पष्ट लिहायचं: ‘करतोया धरून’ एक आकडा आणि ‘खानसामापासून पुढे, आत्राई या नावाने’ दुसरा आकडा. वाचणाऱ्याला जो हवा तो तो घेईल.

आता मोजणी. संगणकाने काढलेली नदी का भरकटली ते आधी सांगतो, कारण त्यावरून पुढची रीत ठरते.

उंचीचं मॉडेल म्हणजे जमीन छोट्या चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनाला दिलेली एक उंची. फुकट मिळणारी मुख्यतः दोन. एसआरटीएम हे फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानाच्या फेरीतलं, आणि कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाचं ३० मीटरच्या चौकोनांचं मॉडेल त्यानंतरच्या दशकातलं. एसआरटीएमच्या उभ्या अचूकतेचं मूळ उद्दिष्ट १६ मीटर होतं (प्रत्यक्षात ते बऱ्याच ठिकाणी त्याहून बरं निघालं), कोपर्निकसचं ४ मीटरच्या आत. बारिंद (उत्तर बंगालमधला किंचित उंच, जुन्या गाळाचा प्रदेश) आणि त्याच्या आजूबाजूच्या मैदानात नदीचा उतार किलोमीटरमागे सेंटीमीटरांत मोजावा लागतो. चार मीटरच्या चुकीत दहा-वीस किलोमीटरचा अख्खा उतार बुडून जातो. शिवाय ही दोन्ही मॉडेल्स जमिनीची नाहीत, पृष्ठभागाची आहेत. रेल्वेचा भराव, पूल, बांबूची बेटं, आंब्याच्या बागा, सगळं उंचीत धरलं जातं. पुलापाशी पाणी ‘अडतं’, प्रोग्राम खड्डा भरतो, आणि पाणी भरावाच्या कडेने शेजारच्या नाल्यात सोडून देतो. तुमची नदी भरकटली ती बहुधा अशीच. भरकटलेली जागा मोठी करून पाहा, तिथे रस्ता किंवा रूळ सापडेल.

जिथे रेषा बरोबर आली तिथेही लांबीवर विश्वास ठेवू नका. या पद्धतीत पाणी प्रत्येक चौकोनातून शेजारच्या आठांपैकी एकातच जाऊ शकतं. साडेबावीस अंशांच्या दिशेने सरळ जाणारा प्रवाह पायऱ्या-पायऱ्यांनी काढला जातो आणि खऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के लांब भरतो. उलट जगभराच्या नद्यांचे जे तयार संच मिळतात, त्यांतला चौकोन बहुतेक वेळा १५ सेकंदांचा (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे साधारण साडेचारशे मीटरचा असतो. नदीच्या नागमोडी वळणांची एक लाट तिच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट असते, हा बऱ्यापैकी टिकलेला ठोकताळा आहे. साठ मीटर रुंदीच्या पात्रात ती लाट सहाशे ते साडेआठशे मीटर. साडेचारशे मीटरच्या चौकोनाला ती दिसणारच नाही. एकीकडे वाढ, एकीकडे घट, आणि किती ते जागेवर अवलंबून. म्हणून अशा सपाट भागात मी लांबी हाताने रेषा ओढूनच काढतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरी खात्रीची वाट नाही.

रीत अशी. सेंटिनेल-२ या उपग्रहाची प्रतिमा घ्या; तिचे हिरवा आणि निकट-अवरक्त (तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) हे पट्टे १० मीटरचे असतात. तारीख महत्त्वाची. जुलै ते सप्टेंबर ढग असतात आणि पूर असला तर नदी कुठली, शेत कुठलं ते कळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी इतकं आटतं की वाळूतली एक बारीक धार उरते, आणि ती धार पात्राच्या आत स्वतःची वेगळी वळणं घेते. तिची लांबी पात्रापेक्षा जास्त भरते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ बरा: आकाश निवळलेलं, पात्र भरलेलं पण काठांच्या आत. चारही तुकड्यांसाठी एकाच महिन्याच्या प्रतिमा घ्या. अर्धी नदी नोव्हेंबरची आणि अर्धी मार्चची असेल तर बेरजेला अर्थ नाही.

पाणी उठून दिसावं म्हणून जलनिर्देशांक काढता येतो: हिरवा वजा निकट-अवरक्त, भागिले दोघांची बेरीज. शून्याच्या वर ते पाणी, असं पुस्तकी. गढूळ पाण्यात उंबरठा थोडा खाली आणावा लागतो. जलपर्णी साचलेली असली की तिथे निर्देशांक झाडी दाखवतो आणि रेषा तुटते. आत्रेयीवर आणखी एक भानगड आहे. दिनाजपूर जिल्ह्यात मोहनपूरला तिच्यावर रबरी बंधारा आहे. तो फुगवलेला असेल तेव्हा वर रुंद, साचलेलं पाणी आणि खाली बारीक धार, म्हणजे एकाच दिवशी एकाच नदीची दोन रूपं. म्हणून निर्देशांकाला मदतनीस समजा. रेषा डोळ्यांनी, दोन्ही काठांच्या मधोमध ओढा.

क्यूजीआयएस या फुकट नकाशा-प्रोग्राममध्ये काम करताना प्रतिमा एकाच प्रमाणावर ठेवा, १:१०,००० ठीक. मध्येच जवळ-लांब केलंत की बिंदूंची दाटी बदलते आणि तिच्याबरोबर लांबीही. बिंदू किती घ्यायचे? एक वळण अर्धवर्तुळ धरा. ते दोन सरळ रेषांनी काढलं तर लांबी १० टक्के कमी भरते. चार रेषांनी काढलं तर अडीच टक्के. आठ रेषांनी ०.६ टक्के. त्यापुढे कष्ट वाढतात, फायदा नाही. म्हणजे प्रत्येक वळणाला सहा ते आठ तुकडे पुरे, आणि सरळ भागात उगाच बिंदू टोचत बसू नका. हात थरथरल्याची लांबी त्यात भरते.

प्रक्षेपणाकडे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या रीतीकडे, लक्ष द्या, सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. पार्श्वभूमीला जो ऑनलाइन नकाशा असतो तो वेब मर्केटर या प्रक्षेपणात असतो. बालुरघाट २५.२ अंश उत्तरेला आहे. तिथे वेब मर्केटर प्रत्येक अंतर साडेदहा टक्के फुगवतो. शंभर किलोमीटरची नदी एकशे दहा होते आणि आकडा दिसायला सभ्य असल्यामुळे शंकाही येत नाही. लेयर (रेषा ज्यात ओढली तो नकाशाचा थर) यूटीएम या दुसऱ्या प्रक्षेपणाच्या ४५ उत्तर पट्ट्यात ठेवा (प्रोग्राममधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४५). हा पट्टा ८४ ते ९० अंश पूर्व, म्हणजे जलपाईगुडीपासून हुरासागरपर्यंत सगळी नदी एकाच पट्ट्यात बसते. सीमेच्या नदीला असं नशीब क्वचित लाभतं. यूटीएममध्ये मध्यरेखेवर अंतर दहा हजारांत चार कमी भरतं आणि मध्यरेखेपासून सुमारे १८० किलोमीटरवर ते बरोब्बर होतं. इथली मध्यरेखा ८७ अंशांची. बालुरघाट तिच्यापासून जवळजवळ तितकंच दूर आहे, त्यामुळे तिथली चूक धरण्यासारखीच नाही. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एक सूत्र सपाट कागदावरची लांबी देतं आणि दुसरं पृथ्वीच्या लंबगोलावरची. दोन्ही काढा. हजारात एकापेक्षा जास्त फरक आला तर लेयर चुकीच्या प्रक्षेपणात आहे.

आता सीमेवर कापणं. जगाचे जे हलकेफुलके सीमा-लेयर मिळतात त्यांतला एक १:१ कोटी प्रमाणाचा आहे. त्या प्रमाणावर नकाशातला अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ किलोमीटर. भारतातला आत्रेयीचा तुकडा आखूड आहे. त्यात पाच किलोमीटर इकडेतिकडे झाले तर आकडा टाकूनच द्यावा लागेल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे वापरा. उपग्रह प्रतिमेत दिसणारं कुंपण म्हणजे सीमा, असं समजू नका. भारत-बांगलादेश सीमेवर कुंपण शून्य रेषेवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेवर, नसतं, ते सर्वसाधारणपणे १५० यार्ड, म्हणजे १३७ मीटर भारताच्या आत असतं, कारण शून्य रेषेपासून तेवढ्या अंतरात संरक्षक बांधकाम करायचं नाही असं दोन्ही देशांत १९७५ साली ठरलं. कुंपण रेषेला समांतरही जात नाही. नदीपाशी तर ते तुटतंच. कुंपणावर कापलंत तर दोन्ही टोकांना मिळून पावकिलोमीटरहून अधिक गळती होते.

आत्रेयी सीमा बरीचशी आडवी ओलांडते, म्हणून इथे काम सोपं. ज्या नद्या काही अंतर सीमेवरूनच वाहतात, उदाहरणार्थ त्रिपुरातली फेणी, तिथे ‘भारतात’, ‘बांगलादेशात’ आणि ‘सामाईक’ असे तीन रकाने करा. सामाईक तुकडा दोन्ही देश आपापल्या यादीत धरतात. दोन याद्यांची बेरीज केली की तो दोनदा मोजला जातो. आणि नदी सरकली तर सीमा सरकते का? काठ हळूहळू खचत-भरत गेला तर सर्वसाधारण संकेत असा की सीमा पाण्याबरोबर जाते. नदीने एका पुरात उडी मारून नवं पात्र धरलं तर सीमा जुन्या पात्रातच राहते. पण हे करारात काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. त्रिपुरात बिलोनियापाशी मुहुरी नदी सरकली आणि मागे उरलेल्या चराच्या (गाळ साचून वर आलेल्या) जमिनीवरून दोन्ही देशांत अनेक वर्षं तंटा चालला. भारत-बांगलादेश सीमा कराराच्या २०११ च्या प्रोटोकॉलमध्ये त्या जागेसाठी स्थिर रेषेची तरतूद करावी लागली. तेव्हा तुमच्या ताज्या प्रतिमेतला प्रवाह आणि नकाशातली सीमा जुळली नाही, तर रेषा ओढूनताणून जुळवू नका. दोन्ही आहेत तशाच राहू द्या आणि तारखा लिहा.

फाटे फुटतात तिथे काय करायचं? दिनाजपूर जिल्ह्यात आत्राई गाबुरा आणि कांकडा अशा दोन प्रवाहांत फुटते. दोन्हींची बेरीज लांबी नव्हे. कोरड्या हंगामात ज्यात जास्त पाणी राहतं तो मुख्य धरा, दुसरा वेगळ्या नावाने नोंदवा. यासाठी मात्र फेब्रुवारीची प्रतिमा उपयोगी पडते. ती निर्णयासाठी वापरा, मोजायला नको.

शेवट हा या नदीचा सगळ्यात निसरडा भाग. चलन बिलात पावसाळ्यात नदी आणि तळं असा भेदच राहत नाही. काठ नाहीत, तर मधली रेषा कशाची ओढणार? तिथे मी हिवाळ्यातला वाहता मार्ग धरतो आणि त्या तुकड्याला वेगळा क्रमांक देतो, म्हणजे कुणाला तो वगळायचा असेल तर वगळता येतो. ‘आत्राई’ हे नाव गुमानीपाशी संपवायचं की पाणी जमुनेत पडेपर्यंत मोजायचं, हा तुमचा निर्णय. टिपण नदीच्या नावावर असेल तर पहिला पर्याय, खोऱ्यावर असेल तर दुसरा.

पाणलोट क्षेत्राचं तुम्ही ओझरतं विचारलंय. पूर्ण नदीचं क्षेत्र देऊ नका. मैदानात जलविभाजक ही रेषा नसून पट्टा असते; मोठ्या पावसात शेजारच्या पुनर्भवेच्या खोऱ्यातलं पाणी इकडे येतं आणि इकडचं तिकडे जातं. फार तर बालुरघाटच्या पुलापर्यंतचं क्षेत्र काढा. त्यासाठी हाताने काढलेली नदी आधी उंचीच्या मॉडेलमध्ये खोदून घ्या, म्हणजे रेषेवरच्या चौकोनांची उंची दहा-वीस मीटरने उतरवा, मगच खड्डे भरण्याची पायरी चालवा. क्रम उलटा झाला तर खोदण्याचा उपयोग नाही. ३० मीटरच्या चौकोनात एक चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे १,१११ चौकोन. नाला कुठून सुरू धरायचा तो उंबरठा इथे हजाराच्या खाली नेऊ नका, नाहीतर शेताची प्रत्येक सरी नदी होईल.

टिपणात आकडा एकटा टाकू नका. त्याच्यासोबत इतकं हवं: सुरुवातीचा आणि शेवटचा बिंदू अक्षांश-रेखांशासह, नावाची हद्द, प्रतिमेचा महिना आणि वर्ष, रेषा ओढतानाचं प्रमाण, प्रक्षेपण, सीमेचा लेयर कुठला, आणि चार तुकड्यांच्या चार लांब्या स्वतंत्र. बेरीज सगळ्यात शेवटी. आकडा पूर्ण किलोमीटरमध्ये द्या. दशांशानंतरचे अंक या कामात शोभेचे असतात. रेषा एकदा ओढून झाली की बालुरघाटचा तुकडा आठवड्याने पहिली रेषा न बघता पुन्हा ओढा. दोन्हींत एक-दीड टक्क्याच्या आत फरक असेल तर हात बसला म्हणायचं. जास्त असेल तर बहुतेक वेळा दोष एखाद्या तुटलेल्या वळणाचा असतो, जिथे एकदा तुम्ही जुन्या पात्राने गेलात आणि एकदा नव्या.

नकाशा छापणार असाल तर एक गोष्ट विसरू नका. भारताची बाह्य सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नसेल तर तो प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे. मोजायला लेयर कुठलाही वापरला असेल, छापायच्या प्रतीवर सीमा त्यांचीच घ्या, आणि जुनी रेषा फाइलमधून काढून टाका; नुसती लपवलेली लेयर निर्यात करताना परत उगवते.